अकरा ग्लास

दुसऱ्या बाजूला, दुसरी धून,
सुई साधारण बोटभर आत गेली
की जो खळ्ळकन आवाज होतो
तो मी.

वय एकोणीस, बूट थोरल्या भावाचे,
हातात ट्रे.
फेब्रुवारीतलं पिट्सबर्ग, वायली अ‍ॅव्हेन्यूवरचं एक तळघर,
बाहेरच्या बर्फावर पोलादाच्या भट्ट्यांची काजळी
आणि आत इतकी दाटी
की कोट काढायचा तर शेजाऱ्याला विचारावं लागे.
गॅडसनसाहेबांनी सकाळीच बजावलेलं,
आज रेकॉर्डिंग आहे, पाय मांजराचे ठेव.
न्यूयॉर्कची दोन माणसं पियानोच्या पोटात माइक सोडून
मोरीशेजारच्या कोठीत मशीन लावून बसलेली.

ऑर्लेटा ग्रेव्हज एक संथ धून वाजवत होती.
वाजवत होती म्हणजे, बहुतेक वेळ वाजवत नव्हती.
एक सूर ठेवायची
आणि तो विझेस्तोवर त्याच्यापाशी बसून राहायची,
तापल्या पोराच्या कपाळावर हात ठेवून
कुणी पहाटेची वाट बघावी तशी.
लेमुएलचा कान बासच्या मानेला टेकलेला,
थॅडियसचे ब्रश
अंधारात कुणी गवतातून चालल्यासारखे.

तेवढ्यात कुणाची तरी खुर्ची मागे सरकली.

अकरा ग्लास.

तिनं मान वर केली नाही.
डावा हात होता तिथेच, अधांतरी.
चार ठोके गेले (साठ वर्षं मोजतोय, चारच)
आणि मग उजव्या हातानं, अगदी वरच्या टोकाला,
तिनं फरशीवरचे तुकडे उचलायला घेतले.
एकेक. बोट कापणार नाही अशा बेतानं.
अकरा सूर.
योगायोग असेल, म्हणतात लोक. असेल.
लेमुएल हसला, तेही रेकॉर्डवर आहे,
आणि तिथून ती धून जी वळली
ती परत पहिल्या घरी गेलीच नाही.

पगारातून एक डॉलर पासष्ट सेंट कापले.
निघताना जिन्यात ती हातमोजे घालत उभी.
"तूच का तो?"
"हो, मॅम."
"सुरात पाडलेस," म्हणाली, आणि वर गेली.

केशकर्तनालयात कॉर्नेलियस अजून हुज्जत घालतो,
अमक्याची बोटं किती पळतात, तमक्याचा दम किती.
पळोत बापडी.
मला युलिसिस ब्रॅटनची ती शेवटची रेकॉर्ड लागते,
पुढचे दात गेल्यानंतरची.
तरणा होता तेव्हा ट्रम्पेटनं दारं फोडायचा,
इथे प्रत्येक सूर उंबऱ्याशी थांबतो,
टोपी काढतो,
येऊ का विचारतो.
काही सुरांना तो नाहीच म्हणतो,
आणि न आलेले ते सूर
मला जास्त नीट ऐकू येतात.

परवा नातीनं नवी आवृत्ती आणली.
जुना आवाज धुऊन, घासूनपुसून लख्ख केलेला,
सोबत गुळगुळीत पुस्तिका.
लावली.
माणसांचा खोकला गेला. खुर्ची गेली.
कुणा हुशार पोरानं काचेचा कण न् कण वेचून
मला झाडून टाकलं.
चार ठोके कोरी शांतता
आणि मग कुठूनसे अकरा सूर.
पुस्तिकेत लिहिलंय, प्रतिभेची अकारण लकेर.

अकारण!
प्रश्न पुसला, उत्तर तेवढं ठेवलं.

नातीचे डोळे भरून आलेले.
"आजोबा, किती सुंदर वाजवते ना?"
"हं," म्हटलं.
सांगणार काय,
की सुंदर तर पुष्कळ जण वाजवतात, पोरी,
ती ऐकत होती.

रात्री ती झोपल्यावर पुन्हा लावली, हळू आवाजात,
आणि स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो,
हात कपाटाच्या मुठीवर, जागा अचूक माहीत.

घरात आता सहाच ग्लास आहेत.
तेही प्लास्टिकचे.